विश्लेषण : ज्यांच्या नावाने प्रकाश मोजला जातो, त्यांचेच माप कसे चुकले?

अवकाश दुर्बिणींनी टिपलेले ताऱ्यांचे अतिनील वर्णपट आज संगणकीय संग्रहांत जपून ठेवलेले आहेत. दुर्बीण बंद पडली तरी या नोंदींचे काम संपत नाही. त्यांतील मापनाच्या चुका पुढे कित्येक वर्षे शोधल्या जातात, दुरुस्त केल्या जातात. या वर्णपटांतील तरंगलांबी बहुतेक वेळा ‘अँगस्ट्रॉम’ या एककात लिहितात. ज्यांच्या नावाचे हे एकक आहे, त्या अँडर्स योनास अँगस्ट्रॉम यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेला सूर्यप्रकाशाचा नकाशा जगभर प्रमाण मानला गेला. पण त्यातील प्रत्येक आकडा किंचित चुकीचा होता. ही चूक कशी झाली, ती कोणी सुधारली आणि अतिनील वर्णपटांच्या संग्रहांशी तिचा काय संबंध, याचा हा आढावा.

अँगस्ट्रॉम कोण होते?

अँगस्ट्रॉम यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१४ रोजी स्वीडनच्या मेडेलपाड प्रांतातील लोग्डो येथे झाला. त्यांचे वडील योहान हे तेथील लोखंडाच्या कारखान्याच्या वस्तीत पाद्री होते. हर्नोसांड येथे शालेय शिक्षण घेऊन अँगस्ट्रॉम १८३३ मध्ये उप्साला विद्यापीठात दाखल झाले. १८३९ मध्ये ते तेथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. १८४२ मध्ये प्रत्यक्ष निरीक्षणाचा अनुभव घेण्यासाठी ते स्टॉकहोमच्या वेधशाळेत गेले आणि पुढच्याच वर्षी उप्सालाच्या वेधशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १८५८ मध्ये ते विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची सारी कारकीर्द याच शहरात गेली.

सुरुवातीची बरीच वर्षे त्यांचा विषय प्रकाश नव्हता. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे माप घेत त्यांनी स्वीडनमध्ये ठिकठिकाणी निरीक्षणे केली. स्वीडनची ‘युजेनी’ ही युद्धनौका १८५१ ते १८५३ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, तेव्हा वाटेत घेतलेल्या चुंबकीय नोंदी तपासून त्यांतून निष्कर्ष काढण्याचे काम स्टॉकहोमच्या विज्ञान अकादमीने अँगस्ट्रॉम यांच्याकडे सोपवले. दुसऱ्यांनी, दुसऱ्या उपकरणांनी, हलत्या जहाजावर घेतलेल्या नोंदी घरी बसून शुद्ध करायच्या, असे हे किचकट काम. ते पूर्ण व्हायला त्यांना मृत्यूच्या थोडे आधीपर्यंतचा काळ लागला. जुन्या नोंदींची दुरुस्ती हे काम किती चिवट असते, याचा अनुभव त्यांना असा वीस वर्षे मिळत होता.

प्रकाशाकडे ते कसे वळले?

सूर्यप्रकाश लोलकातून पाठवला की सात रंगांचा पट्टा दिसतो. नीट पाहिले तर या पट्ट्यात शेकडो बारीक काळ्या रेषा असतात. जर्मनीतील योसेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास या रेषांची पद्धतशीर नोंद केली होती. पण त्या कशामुळे उमटतात, हे कोडेच होते.

१८५३ मध्ये अँगस्ट्रॉम यांनी स्वीडिश अकादमीपुढे प्रकाशाविषयीचा आपला निबंध मांडला. विजेच्या ठिणगीच्या प्रकाशात दोन वर्णपट एकमेकांवर पडलेले असतात, हे त्यांनी दाखवले. एक ठिणगी देणाऱ्या धातूचा आणि दुसरा ज्या वायूतून ठिणगी जाते त्याचा. तापलेला वायू ज्या रंगाचा प्रकाश देतो, त्याच रंगाचा प्रकाश तो शोषूही शकतो, असा तर्कही त्यांनी मांडला. सूर्याच्या काळ्या रेषांची किल्ली यातच होती.

निबंध स्वीडिश भाषेत होता. १८५५ मध्ये त्याची इंग्रजी व जर्मन भाषांतरे आली, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १८५९-६० मध्ये जर्मनीत गुस्टाव किर्चहोफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी भक्कम प्रयोगांसह हाच संबंध सिद्ध केला आणि वर्णपटशास्त्राचे जनक म्हणून त्यांची नावे जगापुढे आली. अँगस्ट्रॉम यांच्या वाट्याला मान आला तो उशिरा. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना १८७० मध्ये सदस्यत्व आणि १८७२ मध्ये रम्फर्ड पदक दिले.

१८६८ चा नकाशा महत्त्वाचा का?

१८६२ मध्ये अँगस्ट्रॉम यांनी सूर्याच्या वातावरणात हायड्रोजन असल्याचे जाहीर केले. हायड्रोजनच्या रेषा आणि सूर्यातील काही काळ्या रेषा एकाच जागी पडतात, यावरून त्यांनी हे ओळखले. अशी ओळख पटवायची तर प्रत्येक रेषेचा पत्ता नेमका ठाऊक हवा. किर्चहोफ यांनी काढलेल्या नकाशातील मोजपट्टी त्यांच्या स्वतःच्या लोलकांवर अवलंबून होती. दुसऱ्या प्रयोगशाळेत लोलक बदलला की आकडेही बदलत.

अँगस्ट्रॉम यांनी वेगळा मार्ग धरला. रेषेचा पत्ता उपकरणाच्या खुणांत न लिहिता प्रकाशाच्या तरंगलांबीत लिहायचा, म्हणजे तो जगात कुठेही तोच राहील. १८६८ मध्ये त्यांनी सूर्याच्या वर्णपटावरील ग्रंथ नकाशासह प्रसिद्ध केला. त्यात हजारावर रेषांच्या तरंगलांबी होत्या. धातूंच्या रेषा ओळखण्याच्या कामात उप्सालातील सहकारी रॉबर्ट थालेन त्यांच्या सोबत होते.

आकडे सुटसुटीत लिहिता यावेत म्हणून त्यांनी मिलिमीटरचा एक कोटीवा भाग हे माप घेतले. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश या मापात साधारण ५,८९० भरतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जाड केसाच्या जाडीत अशी दहा लाख मापे बसतील. पुढे याच मापाला अँगस्ट्रॉम हे नाव मिळाले.

तरंगलांबी मोजली कशी?

त्यासाठी ग्रेटिंग वापरले जाते. हे म्हणजे काचेवर अगदी जवळजवळ ओढलेल्या हजारो समांतर रेघा. त्यांवर पडलेला प्रकाश रंगांनुसार वेगवेगळ्या कोनांत वळतो. कोन मोजला आणि दोन रेघांमधले अंतर माहीत असले, की तरंगलांबी साध्या सूत्राने निघते. अँगस्ट्रॉम यांची ग्रेटिंग जर्मनीतील कुशल कारागीर फ्रिडरिश नोबर्ट यांनी बनवलेली होती.

कोन मोजण्यात अँगस्ट्रॉम पटाईत होते. प्रश्न होता तो रेघांमधल्या अंतराचा. ते काढण्यासाठी रेघा ओढलेल्या पट्ट्याची एकूण रुंदी मोजून तिला रेघांच्या संख्येने भागायचे. रुंदी मोजायला मीटरची पट्टी हवी. म्हणजे प्रकाशाच्या सूक्ष्म लहरीचे माप शेवटी कपाटात ठेवलेल्या एका धातूच्या पट्टीवर टेकलेले होते.

चूक नेमकी कुठे झाली?

उप्सालातील मीटरची पट्टी अगदी बरोबर एक मीटर असेल, यावर अँगस्ट्रॉम विसंबून राहिले नाहीत. त्यांनी ती पॅरिसमधील प्रमाण मीटरशी ताडून घेण्याची व्यवस्था केली. तपासणी केली ती आंरी ट्रेस्का या नामवंत अभियंत्याने. पट्टी मीटरपेक्षा थोडी आखूड आहे, असा निर्वाळा आला. अँगस्ट्रॉम यांनी त्यानुसार आपले आकडे सुधारले.

गडबड इथेच झाली. पट्टी आखूड होती हे खरे, पण ट्रेस्का यांनी सांगितली तेवढी नव्हती. तूट जास्त धरल्यामुळे सगळ्या तरंगलांबी गरजेपेक्षा कमी झाल्या. सुधारलेले आकडे न सुधारलेल्या आकड्यांपेक्षाही सत्यापासून दूर गेले. चुकीचे प्रमाण साधारण सात ते आठ हजारांत एक, म्हणजे एका मीटरमागे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडे अधिक. पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाण मीटरच्या दांड्याला जो इंग्रजी एक्स अक्षरासारखा छेद देण्यात आला, तोही याच ट्रेस्का यांनी सुचवलेला होता. इतक्या जाणकार माणसाच्या हातूनही तुलना चुकू शकली.

उपकरणाने दाखवलेला आकडा आणि खरे माप यांची गाठ घालून देणे, याला कॅलिब्रेशन म्हणतात. अँगस्ट्रॉम यांच्या निरीक्षणात हलगर्जी नव्हती. चूक होती ती या गाठीत, आणि तीही विश्वासाने मागवलेल्या दुरुस्तीमुळे आलेली.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते?

तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या रेषा किंचित निळ्या टोकाकडे सरकतात आणि दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. या सरकण्यावरून त्याचा वेग काढतात. तरंगलांबीत साडेसात हजारांत एक एवढा फरक म्हणजे सेकंदाला सुमारे ४० किलोमीटर वेग. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते. म्हणजे ताऱ्याच्या रेषा एका मोजपट्टीवर आणि प्रयोगशाळेतील रेषा दुसऱ्या मोजपट्टीवर मोजल्या, तर स्थिर ताराही पृथ्वीपेक्षा वेगाने पळतो आहे असे भासेल. दोन्हींसाठी पट्टी एकच असेल, तर चूक आपोआप कटते. म्हणून वेगवेगळ्या काळांतील नोंदी एकत्र करताना धोका जास्त असतो.

ध्रुवीय प्रकाशाची हिरवी रेषा कोणती?

१८६७ मध्ये अँगस्ट्रॉम यांनी उत्तर ध्रुवाकडील आकाशात झळकणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट पाहिला. असे करणारे ते पहिलेच. त्यात एक ठळक पिवळसर हिरवी रेषा होती. तिची तरंगलांबी त्यांनी ५,५६७ अशी दिली. आजचा आकडा ५,५७७ आहे. ही रेषा वातावरणातील ऑक्सिजनच्या अणूंची आहे, हे कळायला १९२५ साल उजाडले.

हीच रेषा सूर्यास्तानंतर क्षितिजावर दिसणाऱ्या राशिप्रकाशातही असते, असे त्यांना वाटले. ते बरोबर नव्हते. राशिप्रकाश म्हणजे ग्रहांमधल्या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. मात्र त्यांना रेषा दिसली ती काही डोळ्यांचा भास नव्हता. ध्रुवीय प्रकाश नसलेल्या रात्रीही पृथ्वीचे वातावरण स्वतः अतिशय मंद हिरवे चमकत असते. दूरच्या वस्तूचा म्हणून टिपलेला प्रकाश प्रत्यक्षात मधल्या वातावरणाचा होता.

दुरुस्ती कोणी केली?

अँगस्ट्रॉम यांचे २१ जून १८७४ रोजी उप्सालात निधन झाले. वय होते ५९. त्यांचा नकाशा तेव्हा युरोप-अमेरिकेत प्रमाण म्हणून वापरात होता. मीटरच्या पट्टीची पुन्हा तपासणी झाली आणि १८८४ मध्ये थालेन यांनी अँगस्ट्रॉम यांच्या तरंगलांबींसाठी दुरुस्ती प्रसिद्ध केली. गुरुस्थानी असलेल्या सहकाऱ्याचे आयुष्यभराचे काम चुकीचे ठरवण्याचा हा प्रकार नव्हता. ग्रेटिंग कोणते, पट्टी कोणती, ती किती लांबीची धरली, हे सारे अँगस्ट्रॉम यांनी ग्रंथात लिहून ठेवले होते. त्यामुळे हजार रेषा पुन्हा मोजाव्या लागल्या नाहीत. सगळ्या आकड्यांना एकाच संख्येने गुणले की काम झाले.

चूक सर्वत्र एकाच पटीत होती, याचा एक अनपेक्षित फायदाही झाला. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील शिक्षक योहान बाल्मर यांनी १८८५ मध्ये हायड्रोजनच्या चार रेषांचे अँगस्ट्रॉम यांनी दिलेले आकडे घेतले. ते होते ६५६२.१०, ४८६०.७४, ४३४०.१ आणि ४१०१.२. या चारही संख्या ३६४५.६ या एकाच संख्येच्या साध्या अपूर्णांकांनी गुणलेल्या पटी आहेत, हे बाल्मर यांच्या लक्षात आले. सूत्र आणि मोजमाप यांत चाळीस हजारांत एक एवढाही फरक नव्हता. आकडे सारेच सारख्या प्रमाणात कमी असल्याने त्यांच्यातील गुणोत्तरे शाबूत राहिली होती. ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशात विल्यम हगिन्स यांनी टिपलेल्या हायड्रोजनच्या रेषाही याच सूत्रात बसल्या. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी अणूची रचना मांडली, तेव्हा हे सूत्र त्यांच्या हाताशी होते.

अँगस्ट्रॉमनंतरची मापे बिनचूक होती का?

नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्री रोलँड यांनी १८८० च्या दशकात फार उत्तम ग्रेटिंग बनवली आणि सूर्यातील सुमारे वीस हजार रेषांची सारणी तयार केली. जगाने अँगस्ट्रॉम यांचा नकाशा सोडून ही सारणी स्वीकारली. पण अल्बर्ट मायकेलसन यांनी १८९०च्या दशकात पॅरिसजवळ कॅडमियमच्या लाल रेषेची प्रमाण मीटरशी थेट तुलना केल्यावर रोलँड यांचे आकडे २५-३० हजारांत एक या प्रमाणात मोठे निघाले. अँगस्ट्रॉम यांचे कमी, यांचे जास्त.

शेवटी १९०७ मध्ये वाटच बदलली. कॅडमियमची ती लाल रेषा ६४३८.४६९६ अँगस्ट्रॉम आहे असे मानायचे आणि बाकी सर्व रेषा तिच्याशी ताडायच्या, असे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. १९६० मध्ये तर मीटरची व्याख्याच क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशलहरींवरून केली गेली. धातूच्या पट्टीने प्रकाश मोजण्याचे दिवस संपले आणि प्रकाशावरून पट्टी ठरू लागली.

अवकाश दुर्बिणींच्या संग्रहात काय घडले?

पृथ्वीचे वातावरण अतिनील प्रकाश मोठ्या प्रमाणात अडवते. हायड्रोजनची सर्वात महत्त्वाची रेषा १,२१६ अँगस्ट्रॉमवर आहे. ताऱ्यांच्या प्रकाशात ती पाहायला अवकाशातच जावे लागते. ‘इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्स्प्लोरर’ ही दुर्बीण २६ जानेवारी १९७८ रोजी अवकाशात गेली आणि १९९६ पर्यंत चालली. तिने एक लाखाहून अधिक वर्णपट पाठवले.

तिच्या एका कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनमध्ये सुरुवातीलाच चूक झाली. प्रकाश कमी-अधिक पडला तर कॅमेरा किती आकडा दाखवतो, याची सारणी आधी करून ठेवलेली असते. त्यातील एक पायरी चुकीची भरली गेली. सुरुवातीच्या सुमारे वर्षभरातील वर्णपटांत त्यामुळे ताऱ्यांची तेजस्विता काही पट्ट्यांत चुकीची आली. मूळ प्रतिमा जपलेल्या होत्या म्हणूनच दुरुस्ती करता आली. पुढे १९९० च्या दशकात सर्वच्या सर्व वर्णपटांवर नव्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया करून अंतिम संग्रह तयार झाला.

हबलवर १९९० ते १९९७ या काळात असलेल्या एका वर्णपटमापकाची कथा वेगळी. त्यातील इलेक्ट्रॉनांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने किंचित ढळत असे. दुर्बीण कक्षेत फिरेल तसा वर्णपट सरके आणि रेषांचे पत्ते बदलत. उपकरण काढून टाकल्यानंतर युरोपीय गटाने जुन्या नोंदी घेऊन त्यांची तरंगलांबी पुन्हा बसवली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी शुद्ध करण्यात अँगस्ट्रॉम यांची वर्षे गेली होती. इथे त्याच चुंबकत्वाने प्रकाशाची नोंद बिघडवली.

आज हबलवर प्लॅटिनम आणि निऑनचा दिवा सोबत असतो. त्याच्या रेषा ठरलेल्या जागी पडतात का, हे पाहून वर्णपटाची मोजपट्टी लावली जाते. मग त्या दिव्याच्या रेषांचे आकडे तरी अचूक हवेत. म्हणून अमेरिकेच्या प्रमाणमापन संस्थेने त्या प्रयोगशाळेत नव्याने मोजून काढल्या. प्रकाशाची तीव्रता ताडण्यासाठी काही श्वेतबटू तारे प्रमाण मानले जातात. हिरव्या रेषेची जुनी अडचणही कायम आहे. पृथ्वीभोवतीच्या विरळ हायड्रोजन व ऑक्सिजनच्या अतिनील रेषा हबलच्या वर्णपटांत मिसळतात आणि त्या ताऱ्याच्या समजू नयेत यासाठी वेगळ्या काढाव्या लागतात.

आणखी एक सापळा हवेचा. हवेत मोजलेली तरंगलांबी निर्वातातील लांबीपेक्षा साधारण साडेतीन हजारांत एक एवढी कमी असते, म्हणजे अँगस्ट्रॉम यांच्या चुकीच्या दुपटीहून अधिक. रूढीनुसार २,००० अँगस्ट्रॉमच्या वरचे आकडे हवेतले आणि त्याखालचे निर्वातातले दिले जातात. जुनी सारणी कोणती आहे हे न पाहता वापरली, तर ताऱ्याच्या वेगात सेकंदाला ८० किलोमीटरची चूक शिरते. हवेसाठीच्या दुरुस्तीचे बहुप्रचलित सूत्र दिले ते बेंग्ट एडलेन यांनी. तेही उप्सालातच शिकलेले.

भारताचा संबंध काय?

सप्टेंबर २०१५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या वेधशाळेवर ‘यूव्हीआयटी’ ही अतिनील दुर्बीण आहे. बेंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेसोबत पुण्याची ‘आयुका’ आणि कॅनडातील संस्था यांचा तिच्या उभारणीत सहभाग होता. या दुर्बिणीतही ग्रेटिंग आहेत. त्यांच्या कॅलिब्रेशनचे काम आयुकात झाले. त्यातून मिळणारी तरंगलांबीही अँगस्ट्रॉममध्येच लिहिली जाते. जुने निरीक्षण नव्या कॅलिब्रेशनने पुन्हा तपासायचे, तर मूळ नोंद आणि ती कशी बदलत गेली याचा तपशील दोन्ही हाताशी लागतात. १८८४ मध्ये थालेन यांच्यापुढे अँगस्ट्रॉम यांचा ग्रंथ उघडा होता, तेव्हा त्यांच्याकडे या दोन्ही गोष्टी होत्या.